नाताळला चालतं का?

डिसेंबर उजाडला की ऑफिसच्या ग्रुपवर ठरलेले दोन मेसेज येतात. एक सीक्रेट सांताच्या चिठ्ठ्यांचा आणि दुसरा, ‘२४ ते १ कोण कोण सुट्टी टाकतंय?’ २०२०च्या डिसेंबरमध्ये मी लंडनला नोकरी करत होते. तिथल्या ग्रुपवर त्या वर्षी सांताबिंता काही नव्हतं. सकाळ-संध्याकाळ एकच प्रश्न फिरत होता... हे चालतं का?

दोन घरांतली माणसं बागेत भेटली तर चालतं का? आजीला खिडकीत बसवून आपण फुटपाथवर उभं राहिलो तर? हे सगळं ऐकताना मला थेट आपली एकादशीच आठवायची. भगर चालते, वांगं चालत नाही, कोथिंबीर आमच्याकडे चालते, तुमच्याकडे? अगदी तस्सं!

नियम काय होते ते सांगते, म्हणजे तुमचंही डोकं थोडं गरगरू दे. इंग्लंडचा नोव्हेंबरमधला लॉकडाऊन २ डिसेंबरला संपला आणि देशाचे तीन ‘टियर’ पडले. पहिला सैल, तिसरा कडक. मधल्यात मजा होती. पबमध्ये बिअर प्यायची तर सोबत ‘भरपेट जेवण’ घ्यायची सक्ती. आता भरपेट म्हणजे किती? पर्यावरणमंत्री जॉर्ज युस्टिस म्हणाले, स्कॉच एग बहुधा चालेल. स्कॉच एग म्हणजे उकडलेल्या अंड्याला खिम्याचं जाकीट घालून तळलेला प्रकार, आपल्या नर्गिसी कोफ्त्याचा गोरा चुलतभाऊ. दुसऱ्याच दिवशी त्यांचे सहकारी मंत्री मायकल गोव्ह म्हणाले, छे, दोन स्कॉच एग म्हणजे नुसतं स्टार्टर. आणि मग त्याच दिवशी म्हणाले, नाही नाही, ते जेवणच! आता बोला. व्हायरसला मात्र अंड्याशी काहीच घेणंदेणं नव्हतं.

पण हे झाले गमतीचे नियम. खरी हुरहुर होती नाताळची. २४ नोव्हेंबरलाच जाहीर झालं होतं की २३ ते २७ डिसेंबर अशी पाच दिवस सूट मिळेल, तीन घरं एकत्र येऊ शकतील. झालं! माझ्या टीममधल्या सगळ्यांनी ट्रेनची तिकिटं काढली, कुणाचे आईबाबा उत्तरेत, कुणाचे वेल्समध्ये. टर्कीच्या ऑर्डरी गेल्या. १६ डिसेंबरला लंडन तिसऱ्या टियरमध्ये गेलं, तरी त्याच दिवशी पंतप्रधान बोरिस जॉन्सन म्हणाले की नाताळवर बंदी घालणं अमानुष ठरेल. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. बॅगा भरल्या.

आणि तीनच दिवसांनी, १९ तारखेच्या शनिवारी दुपारी, तेच पंतप्रधान टीव्हीवर आले. नवा व्हेरिएंट सापडलाय, तो ७० टक्क्यांपर्यंत जास्त वेगाने पसरत असावा, म्हणून लंडन आणि आसपासच्या भागाला चौथा टियर, लागू आज मध्यरात्रीपासून. पाच दिवसांची सूट रद्द. इंग्लंडच्या बाकी भागात फक्त २५ तारखेचा एक दिवस भेटायची मुभा.

पुढे जे झालं ते तुम्ही कदाचित बातम्यांमध्ये पाहिलं असेल. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवर त्या संध्याकाळी तुडुंब गर्दी. नियम १२ वाजता लागू होणार, मग १२च्या आत निघालं तर चालतं! गर्दी टाळायला केलेल्या नियमाने एका रात्रीत गर्दी गोळा केली. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात ना, ते हेच. नियमाचं अक्षर पाळलं गेलं, नियम कशासाठी होता ते सगळे विसरले. आणि दोष फक्त प्रवाशांना कसा द्यायचा? बुधवारी ‘जा’ म्हणायचं आणि शनिवारी ‘थांबा’, मग माणूस धावणारच.

आमच्या फ्लॅटमध्येही हेच नाटक चालू होतं. मी आणि माझी वसईची मैत्रीण, दोघींची २३ तारखेची मुंबईची तिकिटं होती. मला घरी जायचं होतं. तिला नाताळला घरी जायचं होतं. यात फरक आहे बरं का! पुण्यात मी नसते तर आईने फक्त उसासा टाकला असता. तिच्या घरी गोठा सजवण्यापासून करंज्यांपर्यंत सगळं तिच्यासाठी अडून बसलं होतं, आणि आजीचं वय ऐंशीच्या पुढे.

चौथ्या टियरमध्ये परदेशी जायला सबळ कारण लागायचं. २० तारखेला आमच्या ओळखीतला एक जण म्हणाला, ‘आधीच्या विमानात जागा आहेत, निघा. कामाचं कारण सांगा, चालतं. कुणी विचारत नाही.’ मी लगेच लॅपटॉप उघडला. ती शांत बसली होती. मग म्हणाली, ‘चालत असेल गं. पण रात्रभर त्या विमानात बसून, दोन एअरपोर्टवर रांगेत उभं राहून मी आजीच्या गालाला गाल लावायचा... हे करावं का?’

मी लॅपटॉप मिटला. इतक्या दिवसांत हा प्रश्न आमच्यात कुणी विचारलाच नव्हता.

तिने त्याच रात्री घरी फोन करून सांगून टाकलं. थोडी रडली, आजी जास्त रडली. पण विषय संपला. दुसऱ्या दिवशी, २१ तारखेला, भारताने ब्रिटनची विमानं २२च्या रात्रीपासून ३१ डिसेंबरपर्यंत बंद केली. त्याच दिवशी महाराष्ट्र सरकारनेही जाहीर केलं की युरोप आणि मध्यपूर्वेतून येणाऱ्यांना १४ दिवस संस्थात्मक क्वारंटाइन, आणि महापालिकांच्या हद्दीत ५ जानेवारीपर्यंत रात्री ११ ते सकाळी ६ संचारबंदी. व्हॉट्सअॅपवर हलकल्लोळ! दुबईमार्गे चालतं का, दिल्लीला उतरलं तर चालतं का... आणि माझी मैत्रीण किचनमध्ये ओट्यावर पीठ मळत होती. तिचा निर्णय कुणाच्या पत्रकार परिषदेवर अवलंबून नव्हता ना! कर्नाटकात तर २४ तारखेला रात्री सुरू होणारी संचारबंदी त्याच दिवशी मागे घेतली गेली. अशा नियमांच्या मागे धावणाऱ्याचा दम लागणारच.

मग आम्ही नाताळ केला. छोटा, पण पक्का. संचारबंदीमुळे वसईतली मध्यरात्रीची मिस्सा शक्यच नव्हती. त्यामुळे तिच्या घरचे रात्री आठला घरीच होते, म्हणजे आमची दुपारची अडीच. तिने लंच ब्रेक उशिरा घेतला आणि व्हिडिओ कॉलवर आजीच्या देखरेखीखाली करंज्या तळल्या. ‘आच कमी कर’ हे वाक्य सात समुद्र ओलांडून आलं. दोन करंज्या फुटल्या. आजीने त्याबद्दल तिला जे सुनावलं, त्याने तिचा चेहरा इतका उजळला की काय सांगू!

त्याच आठवड्यातली आणखी एक गोष्ट. फ्रान्सने सीमा बंद केल्यामुळे केंट परगण्यात हजारो ट्रक अडकले होते, ड्रायव्हर केबिनमध्ये उपाशी. खालसा एडचे स्वयंसेवक आणि ग्रेव्हसेंडच्या गुरुद्वारातली मंडळी गरमागरम जेवण घेऊन तिथे पोचली. ‘करावं का?’ या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक वेळी ‘नको’च असतं असं नाही.

वर्षभराने, २०२१च्या शेवटी, बातम्या फुटल्या की त्याच काळात डाउनिंग स्ट्रीटमध्येच पार्ट्या झडत होत्या. पुढे लंडन पोलिसांनी सरकारी कार्यालयांतल्या या जमावांसाठी १२६ दंड ठोठावले. त्यात खुद्द पंतप्रधानही होते, २०२०च्या जूनमधल्या वाढदिवसाच्या पार्टीसाठी. माझ्या तिथल्या सहकाऱ्यांचा संताप अजून आठवतो. एकीचे वडील त्या नाताळनंतर गेले, शेवटची भेट झालीच नाही. त्या रागाला उत्तर नाही. मी चिडून मैत्रिणीला फोन केला तर ती म्हणाली, ‘राग मलाही आलाय. पण आपण काय त्यांच्यासाठी थांबलो होतो?’

तेव्हापासून माझा एक फंडा आहे. कुठल्याही मोठ्या प्लॅनची सर्वांत छोटी आवृत्ती आधी ठरवून ठेवायची, जी कुणीच रद्द करू शकणार नाही. एक फोन, एक पदार्थ, एक माणूस. बाकीचं जमलं तर धम्माल, नाही जमलं तरी सण झाला. २०२१च्या नाताळात ओमायक्रॉन आला, महाराष्ट्रात २४ डिसेंबरच्या मध्यरात्रीपासून रात्री ९ ते सकाळी ६ पाचपेक्षा जास्त जणांना जमायला बंदी झाली. तेव्हा ‘आता सहाव्याला कोण कटवणार?’ यावर ग्रुप पेटला होता. मी निवांत होते.

आता ते नियम गेले. प्रश्न मात्र गेलेला नाही. परवाच ऑफिसात एक जण लाल नाक घेऊन शिंकत शिंकत विचारत होता, ‘थोडा तापच आहे यार, पार्टीला आलो तर चालेल ना?’

चालेल की. एचआरच्या कुठल्याच मेलमध्ये मनाई नाही. पण मित्रा, घरी आपल्याकडे कोण कोण आहे, उद्या कुणाच्या ताटात जेवणार आहेस, ते आठव आणि मग दुसरा प्रश्न विचार. पहिल्याचं उत्तर सरकार देतं, एचआर देतं, व्हॉट्सअॅपही देतं. दुसऱ्याचं आपलं आपल्यालाच द्यावं लागतं.

बाकी साबुदाण्याची खिचडी काय, नेहमीच चालते!