हिरव्या पानाच्या चित्रावर जाऊ नका

भिलाईत नोकरीच्या निमित्ताने आलेली आणि मग तिथलीच झालेली मराठी घरे आहेत. वैशाली नगरसारख्या वस्तीत अशा कुटुंबांत हमखास निघणारा विषय म्हणजे झोप आणि गुडघे. कारखान्यात वर्षानुवर्षे पाळ्यांची नोकरी केली की निवृत्तीनंतरही झोप वेळेवर येत नाही. मग एखादा भाचा हिरव्या पानाचे चित्र असलेली बाटली आणून देतो. "मामा, हे घेऊन बघा. हेम्पचे आहे, अगदी नैसर्गिक!" मामा खूश होतात, पण मामींच्या मनात शंका येते, की हेम्प म्हणजे भांगच ना?

मामींची शंका रास्त आहे. हेम्प म्हणजे भांगेचेच झाड. आपल्याकडे अंबाडीला इंग्रजीत 'डेक्कन हेम्प' आणि हिरवळीच्या खताच्या तागाला 'सन हेम्प' म्हणतात, त्यामुळे घोटाळा होतो. या दोन्ही वनस्पतींचा भांगेशी काही संबंध नाही. बाटलीवरचे हेम्प मात्र भांगेच्या कुळातलेच असते. फरक असतो तो झाडाच्या कोणत्या भागापासून वस्तू केली याचा.

एकच झाड, निरनिराळे कायदे

1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात, म्हणजे एनडीपीएस कायद्यात, फुलांचे शेंडे म्हणजे गांजा आणि राळ म्हणजे चरस. दोन्हींवर बंदी आहे. शेंड्यांशिवाय असलेली पाने आणि बी या व्याख्येत येत नाहीत. म्हणूनच काही राज्यांत परवाना असलेल्या दुकानात भांग मिळते. पण पानांबाबत प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याने भांगेवरही निर्बंध घातले आहेत. तेव्हा नागपूरच्या बहिणीसाठी पानांपासून केलेली वस्तू पिशवीत टाकण्यापूर्वी थोडा विचार केलेला बरा.

बियांची गोष्ट निराळी. त्यांत नशा जवळजवळ नसतेच. उत्तराखंडातल्या घरांत भांगेच्या बियांची चटणी पिढ्यान्‌पिढ्या वाटली जाते. नोव्हेंबर 2021 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने भांगेचे बी, बियांचे तेल आणि पीठ यांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली. मात्र नशा आणणाऱ्या टीएचसी या द्रव्याची मर्यादा ठरवून दिली : बियांत किलोमागे 5 मिलिग्रॅम आणि तेलात 10 मिलिग्रॅम.

पानांपासून केलेल्या औषधांना आयुर्वेदात 'विजया' म्हणतात. आयुर्वेदाने तिला निरुपद्रवी कधीच मानले नाही. वापरण्यापूर्वी तिचे शोधन करायला सांगितले आहे. औषध नियमांतल्या आयुर्वेदातील विषारी द्रव्यांच्या यादीतही भांग आहे, आणि अशा औषधाच्या वेष्टनावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशी सूचना छापावी लागते.

प्रयोगशाळेतली भावंडे

आता त्या गोळ्यांकडे वळू, ज्या परदेशातून येणारे नातेवाईक चॉकलेटांबरोबर आणतात. अमेरिकेत 2018 च्या शेती कायद्याने 0.3 टक्क्यांपेक्षा कमी टीएचसी असलेले हेम्प मोकळे केले. व्यापाऱ्यांनी त्यातून वाट काढली. हेम्पमधले सीबीडी हे नशा न आणणारे द्रव्य काढायचे, आम्लाची प्रक्रिया करून त्याचे 'डेल्टा-8 टीएचसी' बनवायचे आणि रंगीत गोळ्यांत भरायचे. हे द्रव्य झाडात नावापुरतेच असते; बाजारातला माल रसायनशाळेतून येतो. 'एचएचसी' नावाचे दुसरे भावंड हायड्रोजन मिसळून करतात. तेलापासून वनस्पती तूप करतात ना, साधारण तीच क्रिया. प्रक्रिया नीट झाली नाही तर आम्ल, धातूचे अंश आणि भलतीच उपद्रव्ये मालात राहून जातात. वेष्टनावर मात्र तेच हिरवे पान आणि तोच 'नैसर्गिक' शब्द!

परिणाम काय झाला? जानेवारी 2021 ते फेब्रुवारी 2022 या 14 महिन्यांत अमेरिकेतल्या विषबाधा केंद्रांकडे डेल्टा-8 ची 2,362 प्रकरणे आली. त्यांतली 41 टक्के 18 वर्षांखालील मुलांची होती. गोळी दिसायला गोड आणि चवीलाही गोड; मुलाला काय कळणार? मार्च 2025 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने एचएचसीला आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली आणले. आपल्याकडे टीएचसी आणि त्याची भावंडे एनडीपीएस कायद्याच्या यादीत आहेत. अमेरिकेच्या दुकानात विकत मिळाली, हे विमानतळावर चालणारे उत्तर नव्हे.

'नैसर्गिक' एवढे पुरेसे नाही

तेव्हा रसायनशाळेतल्या मालापेक्षा झाडाचा माल बरा, हे खरे. पण धोतरा आणि अफूही निसर्गानेच दिली आहेत. सीबीडीचेच पाहा. त्यापासून केलेल्या एका औषधाला अमेरिकेत 2018 मध्ये मान्यता मिळाली, तीही लहानपणापासूनच्या दुर्मीळ, हट्टी फिट्ससाठी. ते देताना यकृताची तपासणी करावी लागते. रक्त पातळ करणारे वॉरफरिन आणि फिट्सची काही औषधे यांच्याशी सीबीडीचे जमत नाही. शिवाय बाटलीत लिहिलेले असतेच असे नाही. 2017 मध्ये अमेरिकन संशोधकांनी इंटरनेटवरून घेतलेल्या 84 सीबीडी वस्तू तपासल्या. लेबलप्रमाणे प्रमाण निघाले फक्त 26 वस्तूंत, आणि 18 वस्तूंत टीएचसी सापडले.

घेण्यापूर्वी एवढे पाहा

- वस्तू बियांची की पानांची? बियांच्या तेलात सीबीडी नगण्य असते. बियांचे तेल देऊन वेदनाशमनाचे दाम मागणारा विक्रेता फसवतो आहे.
- खाद्यपदार्थ असेल तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा 14 अंकी परवाना क्रमांक हवा. औषध असेल तर आयुर्वेदिक औषधनिर्मितीचा परवाना आणि वर सांगितलेली सूचना हवी.
- 'डेल्टा-8' किंवा 'एचएचसी' ही अक्षरे दिसली तर वस्तू परत ठेवा.
- त्या खेपेचा तपासणी अहवाल मागा. टीएचसी, द्रावके आणि जड धातू यांचे आकडे त्यात असावेत.
- कर्करोग, मधुमेह बरा करण्याची जाहिरात 1954 च्या कायद्याने निषिद्ध आहे. असा दावा करणाऱ्याला दुरूनच नमस्कार करावा.
- गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या माता, मुले आणि मानसिक किंवा हृदयाचा आजार असलेल्यांनी विजयायुक्त औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. ते घेऊन गाडी किंवा यंत्र चालवू नये.

जवस विसरू नका

पुष्कळ लोक भांगेच्या बियांकडे वळतात ते ओमेगा-3 साठी. सोललेल्या 100 ग्रॅम बियांत सुमारे 30 ग्रॅम प्रथिने असतात, ही जमेची बाजू. पण ओमेगा-3 च हवे असेल तर छत्तीसगड आणि विदर्भ या दोन्हीकडे पिकणारी जवस कितीतरी पुढे आहे. 100 ग्रॅममध्ये सुमारे 22 ग्रॅम, आणि तेही थोड्या पैशांत. जवस मंद आचेवर भाजून लसूण, तिखट, मीठ घालून कुटली की रोजची चटणी तयार. भांगेच्या बियांचे तेल घेतलेच तर ते फोडणीला वापरू नये, उष्णतेने बिघडते. कोशिंबिरीवर वरून घालावे आणि बाटली फ्रिजमध्ये ठेवावी.

मामांच्या झोपेसाठी आधी दुपारची डुलकी आणि संध्याकाळचा चहा कमी करून पाहावा. झोप तरीही येत नसेल, तर भाच्याची बाटली उघडण्यापूर्वी ती डॉक्टरांना दाखवावी, आणि सोबत मामांच्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्याही न्याव्यात.