नर्सिंगच्या दारावरच्या अटी



गेल्या पावसाळ्यात आमच्या केंद्रावर एक मायलेकी आल्या. आई शेतमजूर. मुलगी बारावीला कला शाखेत चांगल्या गुणांनी पास झालेली. ‘ताई, हिला नर्स करायचंय, ते डिग्रीवालं,’ असे म्हणून आईने पदराच्या गाठीतून घडी घातलेली जाहिरात काढली. मी अटी मोठ्याने वाचत गेले. पहिल्याच अटीला मुलीने मान खाली घातली. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र घेऊन बारावी. ती म्हणाली, ‘सायन्सचं कॉलेज तालुक्याला होतं. दादाला पाठवलं. मला गावातल्या आर्ट्‌सला घातलं.’

त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून या अंकाचे संपादकीय त्यावर.

आधी अटी नीट समजून घेऊ, कारण आपल्याकडे येणाऱ्या मुलींना त्या सांगायचे काम आपलेच आहे. बी. एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी. वयाची सतरा वर्षे पूर्ण हवीत. बारावीला वरचे तीन विज्ञान विषय आणि इंग्रजी हवे, विज्ञान विषयांत मिळून 45 टक्के गुण हवेत. अनुसूचित जाती-जमातींना यात 5 टक्क्यांची सवलत आहे. महाराष्ट्रात 2023 पासून या पदवीसाठी राज्याची वेगळी प्रवेश परीक्षा सुरू झाली. पदवी देते नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ. शिकवणे इंग्रजीतून.

विज्ञान नसलेल्या मुलीला रस्ता अगदीच बंद आहे असे नाही. जी. एन. एम. ही तीन वर्षांची पदविका कोणत्याही शाखेच्या मुलीला करता येते. बारावीला 40 टक्के आणि इंग्रजी विषय हवा. पुढे परिचर्या परिषदेत नोंदणी झाली की दोन वर्षांची पोस्ट बेसिक पदवी करता येते. दोन वर्षांचा ए. एन. एम. केलेली मुलगीही जी. एन. एम.ला जाऊ शकते. म्हणजे शिडी आहे. पण हिशेब करून बघा. विज्ञानाची मुलगी चार वर्षांत जिथे पोचते, तिथे कलेची मुलगी पाच वर्षांत, आणि ए. एन. एम.पासून सुरुवात करणारी सात वर्षांत पोचते. प्रत्येक पायरीवर नवा प्रवेश, नवे वसतिगृह, आणि घरातले नवे भांडण: ‘आता पुरे झालं, लग्नाचं बघू.’

कोणी म्हणेल, रुग्णाच्या जिवाशी गाठ आहे, विज्ञान नको का? हवेच. औषधाची मात्रा चुकली तर माणूस दगावतो. पात्रता सैल करा असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. विज्ञानाची अट कागदावर सगळ्यांना सारखी आहे. पण विज्ञानापर्यंत पोचण्याची वाट घरातल्या मुलग्याला आणि मुलीला सारखी नाही. ज्या व्यवसायाचा भार बायकाच उचलतात, त्याच्या पदवीची वाट मुलींना अडणारी असावी, हे आपल्याला खटकायला हवे. कला शाखेच्या मुलींना एक वर्षाचा विज्ञानाचा पूर्वतयारी वर्ग देऊन मग परीक्षेला का बसवू नये? पात्रता तीच राहील, दार मात्र उघडेल.

दुसरी अट अभ्यासक्रमाच्या आतली आहे. तासांना 80 टक्के हजेरी लागते, आणि पदवी हातात पडण्यापूर्वी रुग्णालयातल्या कामाची हजेरी शंभर टक्के पूर्ण करावी लागते. ही अट रास्तच आहे. पण शिकता शिकता लग्न झालेल्या, दिवस गेलेल्या मुलीचे काय? राहिलेले तास भरून काढायची सोय कधी, कशी, कोणाच्या मर्जीवर, हे तिला प्रवेशाच्या वेळी कोणी लेखी सांगते का? जी सोय लेखी नसते ती मेहरबानी होते, आणि मेहरबानीवर बाईचे शिक्षण टिकत नाही.

तिसरी अट सर्वांत जुनी. लष्करी नर्सिंग सेवेच्या महाविद्यालयांच्या जाहिराती वाचा. त्यांतले एक महाविद्यालय पुण्यातच आहे. उमेदवार अविवाहित, घटस्फोटित, कायद्याने विभक्त किंवा विधवा हवी. आणि विधवा असेल तर ‘मागे लोढणे नसलेली’. इंग्रजी शब्दाचा सरळ अर्थ हाच होतो. लोढणे म्हणजे तिचे मूल! याच पुण्यात 1909 मध्ये रमाबाई रानडे यांनी सेवासदन सुरू केले आणि लोकनिंदा सोसून बायकांना, विधवांनाही, ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवले. लग्न केले म्हणून 1988 मध्ये सेवेतून काढलेल्या एका लष्करी नर्सला सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2024 मध्ये 60 लाख रुपये भरपाई द्यायला लावली आणि असा नियम म्हणजे उघड लिंगभेद असल्याचे सांगितले. नोकरीत जो भेदभाव ठरतो तो प्रवेशाच्या दारात न्याय कसा ठरतो?

आता पैशाचे. महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी माफ केली. चांगलेच झाले. पण खानावळ, गणवेश, पुस्तके, एस. टी.चे भाडे फीमध्ये येत नाही, आणि संस्थेच्या स्वतःच्या कोट्यातून प्रवेश घेतला तर माफीही नाही. दलालाच्या नादी लागून त्या कोट्यात शिरलेल्या मुली आपण पाहतो. शिवाय एवढे करून पदरात काय पडते? खासगी रुग्णालयांतले पगार इतके तुटपुंजे की 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यात लक्ष घालावे लागले. त्यानंतर नेमलेल्या समितीने कोणत्याही नर्सला महिना 20 हजारांपेक्षा कमी पगार नको असे सुचवले. तुमच्या तालुक्यातल्या नर्सला विचारा, तिला किती मिळतात.

संसदेने 2023 मध्ये नर्सिंग व मिडवायफरी आयोगाचा नवा कायदा केला. त्यात प्रवेशाची पद्धत सर्वत्र एकसारखी करण्याची तरतूद आहे. नियम बनतात तेव्हा डॉक्टर बोलतात, संस्थाचालक बोलतात. आपणही बोलायला हवे. पूर्वतयारीचा वर्ग, बाळंतपणानंतर तास भरून काढण्याचा लेखी हक्क, लग्न-मुलांच्या अटी रद्द, आणि तालुक्याच्या ठिकाणी मुलींचे वसतिगृह, या मागण्या घेऊन आपापल्या आमदार-खासदारांना भेटा. आणि दहावीच्या मुलींच्या पालकांशी आताच बोला. बारावीनंतर फार उशीर झालेला असतो.

त्या मुलीने जी. एन. एम.चा अर्ज भरला. आई जाताना म्हणाली, ‘पाच तर पाच वर्षं, ताई. मी आणखी पाच वर्षं खुरपं धरीन.’ तिची तयारी आहे. तिने ते जास्तीचे वर्ष का धरावे, हा प्रश्न मात्र आपला आहे.