'कसा गे जमवतंस सगळा?'

चतुर्थीला आठ दिवस उरले की मिठबावच्या वाड्यांमध्ये चाकरमान्यांची वाट बघणं सुरू होतं. घर साफ करून झालेलं असतं, पण माटवीचं सामान, मोदकांची पिठी, करंज्यांचं सारण, आलेल्या-गेलेल्यांची अंथरुणं अशी कामं उरलेलीच असतात. अशा दिवसांत तिथल्या एका मैत्रिणीपुढे आणखी तीन कामं होती. बचत गटाच्या मेळाव्यासाठी दारूच्या प्रश्नावर विनोदी प्रहसन लिहायचं, वाडीतल्या बायकांची फुगड्यांची तालीम घ्यायची, आणि बाहेरून आलेल्या एका ध्वनिमुद्रण करणाऱ्यासमोर फुगड्यांची गाणी म्हणायची. तिने तिन्ही कामं केली. जो तो कौतुकाने विचारत होता, "कसा गे जमवतंस सगळा?" ती म्हणाली, "झोप कमी करतंय, आणि काय!"

या उत्तरावर सगळे हसले. आपण मात्र जरा थांबून विचार करायला हवा.

आपल्याच भागातला दशावतार घ्या. कार्तिकापासून वैशाखापर्यंत जत्रांमागून जत्रा असतात. कलाकार रात्रभर नाटक करतो. लिहिलेली संहिता नसते, संवाद जागच्या जागी सुचावे लागतात. हे मोठंच कौशल्य आहे, त्याबद्दल मनात आदरच आहे. पण सकाळी घरी येऊन झोपलेल्या दशावतारी कलाकाराला "घर आणि कला कशी सांभाळता?" असं कुणी विचारल्याचं ऐकलं आहे का? त्याला विचारावं लागत नाही, कारण त्याचं घर कुणीतरी सांभाळत असतं. 'तारेवरची कसरत' हे कौतुक बाईच्याच वाट्याला येतं. कौतुक झालं की भांडी पुन्हा तिचीच.

चतुर्थीतल्या रात्री आठवून पाहा. पुरुषांची भजनी मंडळी घरोघर फिरतात. पखवाज, झांजा, गजर सगळं रंगतं. प्रत्येक घरी त्यांच्यासाठी चहा-उसळ तयार असते. ती उसळ सकाळी कुणी भिजत घातली, खोबरं कुणी वाटलं? बायकांच्या फुगड्या सुरू होतात त्या हे सगळं आवरल्यावर. म्हणजे पुरुषांची कला चालते बाईच्या श्रमांवर, आणि बाईची कला तिच्या स्वतःच्या झोपेवर.

दुसरा मुद्दा विनोदाचा. मालवणी विनोदाला गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरण'ने १९८० पासून मराठी रंगभूमीवर मानाची जागा मिळवून दिली, मच्छिंद्र कांबळींनी तो घरोघर पोचवला. भाषेचा हा मान आपल्यालाही हवाच. पण गावच्या हौशी मंचावरचा विनोद अजून बऱ्याचदा कजाग बायको, जाड बायको, लुगडं नेसलेला मिशीवाला यांच्याच भोवती फिरतो. बायकांना विनोद कळत नाही, असंही वर ऐकवलं जातं. ज्यांनी फुगडी-झिम्म्यात पिढ्यान्‌पिढ्या सासू-सासरा, दीर-नवरा यांची रेवडी उडवली, त्यांना विनोद कळत नाही? त्यांचा विनोद लिहून ठेवला गेला नाही, एवढंच.

लिहिला गेला तेव्हा काय झालं हे चळवळीने पाहिलं आहे. स्त्रीमुक्ती संघटनेने १९८३ मध्ये ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो' रंगमंचावर आणलं. गाणी, लोककलेचा बाज आणि थट्टा यांतून आलेला विषय भाषणांपेक्षा लांब पोचला. म्हणून प्रहसन लिहिणं हे 'मेळाव्याआधीचं थोडं करमणुकीचं' काम समजू नये. ते संघटनेचंच काम आहे, आणि ते बैठकीच्या वेळेतच व्हायला हवं.

तिसरा मुद्दा ध्वनिमुद्रणाचा. आजकाल कुणीही मोबाईल पुढे धरतो आणि दुसऱ्या दिवशी ती फुगडी कुणाच्या तरी नावाने जगभर फिरते. गाणाऱ्या बाया मात्र 'ग्रामीण महिला' होऊन जातात. आपल्या मैत्रिणीचं तेच झालं. नाव नाही, पैसे नाहीत, मुद्रणाची प्रतसुद्धा नाही. "गाणी काय, सगळ्यांचीच आहेत," असं तिला सांगण्यात आलं.

गाणी सगळ्यांची असतील, गळा तिचा आहे. कायदाही तेच म्हणतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने सादर करणाऱ्या कलाकाराचा हक्क आला. खाजगी वापर किंवा प्रामाणिक शिक्षण-संशोधन सोडलं तर तिच्या संमतीशिवाय तिचं गाणं मुद्रित करता येत नाही. हा हक्क ५० वर्षं टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीने कलाकार म्हणून आपलं नाव लावून घेण्याचा हक्कही दिला. कलाकार शिकलेली, व्यावसायिक असावी अशी अट त्यात नाही. चित्रीकरणाला लेखी संमती दिली की हक्क बराचसा हातातून जातो, म्हणून कागद वाचून घेतल्याशिवाय सही करू नये.

हे करता येतं, याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी पुण्याहून जात्यावरच्या ओव्यांचं काम उभं केलं. एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या, आणि ओवीसोबत गाणारणीचं नाव, गाव नोंदलं गेलं. दळणाऱ्या बाईला 'ग्रामीण महिला' म्हणून मोकळं होता आलं असतं. त्यांनी तसं केलं नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, येत्या चतुर्थीपूर्वी प्रत्येक गटाने तीन गोष्टी ठरवाव्यात असं वाटतं. तालमीच्या संध्याकाळी घरचा स्वयंपाक घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करायचा, आणि ते आधी घरात बोलून घ्यायचं. प्रहसन लिहिणारीला गटाच्या इतर कामांतून तेवढे दिवस मोकळं ठेवायचं. आपणच एकीवर चार कामं टाकतो, हेही कबूल करू या. आणि नाव, मोबदला, प्रत या तिन्हींचं लिहून दिल्याशिवाय कुणापुढेही गायचं नाही.

यावर घरात कुरबुर होईल. 'सणासुदीला कसले हिशेब?' असं ऐकावं लागेल. पण सण सगळ्यांचा असेल तर जागरणही सगळ्यांचं असू दे. तुमच्या गावात हे कसं चालतं, कुणी काही वेगळं करून पाहिलं का, जरूर कळवा. आणि पुढच्या वेळी एखादीला "कसं गं जमवतेस?" असं विचारावंसं वाटलं, तर त्याऐवजी विचारू या, "यातलं मी काय करू?"