हरवलेली जागा



गेल्या वार्षिक परीक्षेच्या निकालाच्या आदल्या दिवशी आपल्या कार्यालयातील संगणक अडून बसला. गुणपत्रिका तयार होत्या, पण त्या साठवता येईनात. डिस्क भरली आहे, असा इशारा पुन्हा पुन्हा येई. डिस्क ५०० जीबीची आणि शिल्लक जागा अवघी ३ जीबी. त्या दिवशी गुणपत्रिका पेनड्राइव्हवर घेऊन कशीबशी वेळ निभावली आणि फ्रीगंजातील एका दुकानदारास बोलावले. त्यांनी पाच मिनिटांत निदान केले. डिस्क लहान पडते आहे, एक टीबीची नवी घाला, कामाच्या फाइली तेवढ्या तिच्यावर उतरवू आणि जुनी फॉरमॅट करून वर्गात वापरायला देऊ. विश्वस्तांनी नव्या डिस्कला फोनवरच मंजुरी दिली. आम्हीही होकार देऊन मोकळे होणार होतो.

तेवढ्यात संगणकाच्या शिक्षिकांनी विचारले, "सर, आपल्याकडे असं आहे तरी काय, की पाचशे जीबी पुरत नाही?"

या प्रश्नाचे उत्तर कार्यालयात कोणाकडेही नव्हते. आमच्याकडेही नव्हते. घरात धान्य ठेवायला जागा नाही म्हणून नवी कोठी आणायला निघावे आणि जुन्या कोठीत काय आहे हे घरातल्या एकालाही सांगता येऊ नये, तशी आमची गत झाली. म्हणून खरेदी आठ दिवस थांबवली आणि आधी मोजणी करायचे ठरवले. त्या मोजणीत जे कळले ते सर्वांच्या उपयोगाचे आहे, म्हणून हा लेख.

पहिला घोळ आकड्यांचाच निघाला. खोक्यावर ५०० जीबी छापलेले आणि विंडोज मात्र ४६५ दाखवते. नववीच्या दोन विद्यार्थ्यांना आम्ही आकडेमोडीसाठी सोबत घेतले होते. त्यांना वाटले, ३५ जीबीची चोरीच झाली. चोरी कसलीच नव्हती. डिस्क बनवणारे एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात. विंडोज १०२४ च्या पटीने मोजते, त्यामुळे तिचा एक जीबी १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ बाइटचा होतो. ५०,००० कोटी बाइटला या दुसऱ्या मापाने भागले की ४६५ आणि वर थोडे उरते. याच हिशेबाने एक टीबीची डिस्क ९३१ जीबी दिसते.

उज्जैनच्या मराठी घरातील मुलांना हे समजायला वेळ लागू नये. जन्माष्टमी आपल्या घरी श्रावण वद्य अष्टमीला असते आणि शेजारच्या माळवी घरी ती भाद्रपद कृष्ण अष्टमी असते. दिवस एकच, उपासही एकच. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला, म्हणून नाव तेवढे बदलते. दोन्ही पंचांगे आपापल्या जागी बरोबर आहेत. कोणते पंचांग चालले आहे हे ठाऊक नसले की घोटाळा होतो.

हा घोटाळा जगभर झालेला आहे. दोन मापांना दोन नावे असावीत म्हणून आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने १९९८ साली १०२४ च्या मापासाठी 'गिबिबाइट' आदी वेगळी नावे मंजूर केली, पण ती बाजारात फारशी रुळली नाहीत. अमेरिकेत याच फरकावरून वेस्टर्न डिजिटल कंपनीवर ग्राहकांनी दावा लावला. २००६ साली तडजोड झाली आणि कंपनीने ग्राहकांना प्रती राखण्याचे सॉफ्टवेअर मोफत देऊ केले. ॲपलने २००९ पासून आपल्या मॅक संगणकांत दशमान मोजणी स्वीकारली. तेव्हा हे ३५ जीबी हरवलेले नाहीत आणि ते शोधण्यात कोणी वेळ घालवू नये.

दुसरा घोळ मात्र खरा होता. ४६५ पैकी ४६२ जीबी भरलेले, असे संगणक सांगत होता. आम्ही दिसणारे सगळे फोल्डर निवडून त्यांची बेरीज घेतली, ती २९१ भरली. म्हणजे १७१ जीबी कोठे आहेत ते दिसतच नव्हते.

असा प्रश्न पडणारे आपण पहिले नाही, हे वाचून धीर आला. १९९० साली अमेरिकेच्या मेरीलँड विद्यापीठात प्रा. बेन श्नायडरमन यांच्या प्रयोगशाळेची ८० एमबीची डिस्क भरून गेली. ती १४ जण मिळून वापरत होते. कोणी किती जागा अडवली हे एका दृष्टीत कळावे म्हणून त्यांनी डिस्कचा चौकोनी नकाशा काढण्याची युक्ती शोधली. मोठी फाइल, मोठा चौकोन. शेताच्या नकाशात जसे ज्याचे क्षेत्र मोठे त्याचा तुकडा मोठा, तसेच हे. याच युक्तीवर चालणारा 'विनडिरस्टॅट' हा मोफत प्रोग्राम २००३ पासून मिळतो. तो ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवावा लागतो, नाहीतर कुलूपबंद फोल्डर त्यालाही दिसत नाहीत. आम्ही तो चालवला आणि हिशेब लागला तो असा.

३८ जीबी रिसायकल बिनमध्ये होते. आपण फाइल पुसतो म्हणजे ती कचऱ्याच्या टोपलीत टाकतो. टोपली रिकामी करेपर्यंत जागा सुटत नाही. शिवाय प्रत्येक वापरकर्त्याची टोपली वेगळी असते. आपल्या संगणकावर चार खाती होती आणि आम्ही रिकामी करत होतो ती एकच.

४६ जीबी 'सिस्टम रिस्टोर'ने घेतले होते. संगणक बिघडला तर मागच्या तारखेच्या स्थितीत नेता यावा म्हणून विंडोज जुन्या स्थितीच्या नोंदी एका लपवलेल्या फोल्डरात राखते. सोय चांगली आहे, पण तिला मर्यादा घालून द्यावी लागते.

सुमारे ११ जीबी दोन लपलेल्या फाइलींत होते. मेमरी अपुरी पडली की विंडोज तिच्यातील मजकूर डिस्कवरच्या एका फाइलीत ठेवते, ती पेजफाइल. संगणक 'हायबरनेट' करून झोपवला की चालू काम दुसऱ्या एका फाइलीत उतरते.

उरलेले ७६ जीबी एका खात्यात सापडले. काही वर्षांपूर्वी सेवानिवृत्त झालेल्या आपल्या बडे बाबूंचे ते खाते. त्यांच्यानंतर ते कोणी उघडलेच नव्हते. इतरांना ते उघडता येत नसल्यामुळे बेरजेतही येत नव्हते.

ते खाते उघडताना आम्ही, शिक्षिका आणि सध्याचे बाबू तिघेच होतो. विद्यार्थ्यांना तेथून उठवले, कारण आत लोकांची कागदपत्रे असणार हे उघड होते. बहुतेक भाग स्नेहसंमेलनांच्या चित्रफितींचा होता. एकच चित्रफीत तीन-तीन ठिकाणी उतरवलेली, कोठे 'नवी', कोठे 'नवी २' अशा नावांनी. आणि त्यांच्यामध्ये एका साध्या फोल्डरात आपल्या शाळेच्या सर्वांत जुन्या स्कॉलर रजिस्टरांची पानापानांची छायाचित्रे होती.

जुन्या विश्वस्तांना आठवत असेल, त्या रजिस्टरांपैकी दोनांना पावसाळ्यात वाळवी लागली होती. मागचे अर्धे पान गेले आहे, असे सांगून आम्ही आजवर कित्येक माजी विद्यार्थ्यांना जन्मतारखेच्या दाखल्याविना परत पाठवले. ती पाने डिस्कवर होती. बडे बाबूंनी वाळवी लागण्याआधीच सुटीच्या दिवशी बसून ती काढून ठेवली होती. आम्ही त्यांना फोन केला. ते म्हणाले, "सर, चार्ज देताना मी तोंडी सांगितलं होतं. लिहून कुणी घेतलं नाही, एवढंच." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यामुळे आम्हास अधिकच ओशाळल्यासारखे झाले. चार्ज घेण्याच्या कागदावर सही आमचीच होती. कपाटे, खुर्च्या, घंटा, कुलुपे यांची यादी त्यात होती. संगणकात काय आहे याची एक ओळ नव्हती.

डिस्क फॉरमॅट झाली असती तर हे सगळे गेले असते. 'कामाच्या फाइली' उतरवल्या गेल्या असत्या त्या सध्याच्या खात्यातल्याच.

नंतर जागा मोकळी केली, पण क्रमाने. सर्वांत आधी महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतली आणि ती उघडून पाहिली. मग टोपल्या तपासून रिकाम्या केल्या, ३८ जीबी सुटले. सिस्टम रिस्टोर बंद न करता त्याला २३ जीबींची मर्यादा घातली, तेथे २३ सुटले. हायबरनेट बंद केले, सुमारे ३ सुटले. त्यामुळे संगणक सकाळी थोडा उशिरा सुरू होतो, तेवढे चालवून घेऊ. पेजफाइलला हात लावला नाही. चित्रफितींच्या जादा प्रती काढल्या, ५१ सुटले. असे ११५ जीबी परत मिळाले आणि शिल्लक जागा ३ वरून ११८ झाली. खर्च शून्य.

काही पालक म्हणतील, डिस्क स्वस्त झाल्या आहेत. चार माणसांचा रविवार घालवण्यापेक्षा नवी आणलेली बरी. या म्हणण्यात तथ्य आहे. डिस्क हे यंत्र आहे, ते कधीतरी बंद पडतेच. म्हणून मंजूर झालेला पैसा परत करावा असे आम्ही म्हणत नाही. त्या पैशातून बाहेरून जोडायची डिस्क घ्यावी आणि तिच्यावर शाळेच्या नोंदींची दुसरी प्रत ठेवून ती संगणकापासून दूर, कपाटात कुलुपात ठेवावी, अशी आमची विश्वस्तांना विनंती आहे. काय आहे ते न पाहता मोठी डिस्क घेतली असती तर तीन प्रतींच्या सहा झाल्या असत्या, आणि जे एकच होते ते पुसले गेले असते.

यासोबत तीन नियम सुचवतो. एक, सत्राच्या अखेरीस वर्षातून एकदा डिस्कची मोजणी व्हावी आणि ती नोंदवहीत लिहिली जावी. दोन, चार्ज देता-घेताना संगणकातील फोल्डरांची यादी कपाटांच्या यादीसारखीच सह्यांसह असावी. तीन, जुना संगणक अटालेवाल्याला देण्यापूर्वी त्याची डिस्क काढून घ्यावी. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कवर पुसलेली फाइल लगेच नाहीशी होत नाही. तिची जागा मोकळी म्हणून नोंदली जाते, पण तिच्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत ती परत काढता येते. आपल्या टोपल्यांत मुलांच्या आधार आणि समग्र ओळखपत्रांच्या प्रती सापडल्या, हे पालकांना सांगणे आम्हास भाग आहे. त्या आता काढल्या आहेत.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या घरच्या फोनचीही हीच कथा आहे. भारतात फोन 'सुप्रभात'च्या चित्रांनी भरून जातात हे पाहून गूगलने डिसेंबर २०१७ मध्ये दिल्लीतल्या कार्यक्रमात फाइली आवरण्याचे एक खास ॲप आणले होते. युनिकोडमध्ये साठवताना देवनागरीच्या एका चिन्हाला बहुधा तीन बाइट लागतात. हा संपूर्ण लेख साधारण ३० केबीत मावतो. फोनवर काढलेल्या एका मिनिटाच्या चित्रफितीला १०० एमबीच्या आसपास लागतात. तेवढ्या जागेत असे तीन हजार लेख राहतील. लिहिलेल्याने जागा भरत नाही. तेव्हा आजीने व्हॉट्सॲपवर लिहून पाठवलेली पाककृती आधी पुसू नका. एकदा आजीजवळ बसा, कोणते फोटो ठेवायचे हे तिला विचारा आणि मग बाकीचे काढा.

बडे बाबूंना आम्ही येत्या स्नेहसंमेलनास आमंत्रित केले आहे. त्यांनी जपलेल्या पानांवरून ज्यांचे दाखले अडले होते त्या माजी विद्यार्थ्यांना कार्यालयात पुन्हा अर्ज करता येईल. आपल्या ओळखीत असे कोणी असतील तर त्यांना अवश्य कळवावे.

— प्राचार्य