वस्तीवर लहानशी लोहारशाळा हवी

मृगाचा पाऊस पडून जमिनीस वाफसा आला म्हणजे पेरणीचे जे मोजके दिवस हाती येतात, त्यांचे मोल शेतकऱ्यास निराळे सांगावयास नको. परंतु वखराची पास बोथट आहे, तिफणीचे फारोळे झिजले आहे किंवा कुदळीचे टोक वळले आहे, हे नेमके त्याच दिवसांत ध्यानात येते. पूर्वी गावात लोहाराचा भाता चालू असे. शेतकरी पहाटे पास घेऊन जाई व न्याहारीच्या सुमारास ती शेवटून परत आणी. आज पुष्कळ गावांतून ही सोय नाहीशी झाली आहे. अवजार घेऊन तालुक्यास जावे, तेथे जोडकामाच्या दुकानात ताटकळावे आणि बहुधा नवेच अवजार विकत घेऊन परतावे, असा क्रम पडला आहे. यात एक दिवस जातो, आणि पुष्कळदा वाफसाही जातो.

लोहाराने गाव सोडला, म्हणून त्यास दोष देणे योग्य होणार नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गावगाडा' या ग्रंथात बलुत्याच्या व्यवहाराचे जे चित्र आहे, ते पाहिल्यास वर्षभर काम करून सुगीत खळ्यावर धान्यासाठी उभे राहण्याची पाळी कारागिरावर कशी येत असे, हे समजून येते. त्याच्या मुलाने शहरात रोख वेतनाचे काम पत्करले, यात आश्चर्य ते काय? उन्हाळ्यात गावोगाव पाल ठोकून विळे-कोयते करणारी घिसाडी कुटुंबे अद्याप दिसतात. पुरुष सांडशीत लोखंड धरतो व स्त्री घण घालते, हे दृश्य अनेकांनी पाहिले असेल. परंतु पेरणीच्या ऐन दिवशी ते पाल आपल्याच गावी असेल, असे धरून चालता येत नाही.

यावर प्रत्येक शेतकऱ्याने आपल्या घरी भट्टी मांडावी, असे काही उत्साही मंडळी सुचवितात. हे मत जसेच्या तसे स्वीकारण्याजोगे नाही. एका कुटुंबाचे लोहारकाम वर्षातून थोड्याच दिवसांचे असते; उरलेला काळ ऐरणीवर गंज चढतो व भात्यात उंदीर घर करतात. चार-पाच वस्त्यांनी मिळून एक लोहारशाळा उभारावी, आणि त्यातील एक-दोन तरुणांनी हे काम नीट शिकून घ्यावे, हाच मार्ग व्यवहार्य होय.

असा विचार करणारे बहुतेकजण प्रथम विजेवर चालणारे वेल्डिंगचे यंत्र घेतात, आणि येथेच चूक होते. वेल्डिंगने तुटलेले जोडता येते. झिजलेली पास ठोकून पातळ करता येत नाही, वळलेले टोक ओढून काढता येत नाही, की धारेस पाणी देता येत नाही. उलट, पाणी दिलेल्या पात्यावर वेल्डिंगचा टाका घातला, तर त्याच्या लगतची जागा कोठे मऊ तर कोठे ठिसूळ होते आणि कोयता उसाच्या पहिल्याच फडात तेथून तुटतो. म्हणून हाती असलेला पैसा प्रथम ऐरणीस व भात्यास लावावा. यंत्राचा विचार मागाहून करावा.

ऐरण २५ ते ४० किलो वजनाची असली म्हणजे शेतीच्या कामास पुरे होते. ती बाभळीच्या ओंडक्यावर पक्की बसवावी व ओंडका जमिनीत हातभर पुरावा. उभे राहून हात सरळ खाली सोडला असता मुठीची हाडे ऐरणीच्या पृष्ठभागास टेकावीत, इतकीच उंची ठेवावी. यापेक्षा ती ठेंगणी झाली तर कंबर धरते, आणि उंच झाली तर खांदे भरून येतात. नवी ऐरण महाग वाटल्यास रुळाच्या तुकड्यावरही काम भागते. मात्र तो तुकडा रीतसर लिलावातील असल्याची पावती पाहूनच घ्यावा. रेल्वेचा माल बेकायदा बाळगणे हा १९६६ च्या कायद्यान्वये गुन्हा आहे, आणि स्वस्तातला रूळ पुष्कळदा तशाच वाटेने आलेला असतो. चामड्याच्या भात्याऐवजी हाताने फिरवावयाचा लोखंडी पंखा बरा. वीज गेली तरी काम अडत नाही. याखेरीज एक-दीड किलोचा हातोडा, एक घण, दोन सांडश्या, छिन्नी, कानस, शेगडा आणि पाण्याची कुंडी एवढे असले की प्रारंभ करता येतो. पुढील सांडश्या शिकणाराने स्वतःच कराव्यात. हात बसण्यास त्याहून चांगले काम नाही.

भट्टीवर छप्पर पत्र्याचे असावे आणि ती गंजी, कडबा व पाचट यांपासून दूर असावी. चारी बाजूंनी वारा खेळेल अशी जागा पाहावी. बंद खोलीत पेटलेल्या कोळशाचा विषारी वायू वासावरून कळत नाही. मात्र वर सावली हवीच. तापल्या लोखंडाचा रंग भर उन्हात ओळखता येत नाही, आणि या धंद्यात सारी भिस्त रंगावर असते. जमीन मातीचीच बरी. तापलेले लोखंड सिमेंटवर पडल्यास त्याच्या कपच्या उडतात. जस्त चढविलेले नळ किंवा पत्रे भट्टीत कदापि घालू नयेत. त्यांच्या धुराने ताप भरतो.

आता मुख्य गोष्ट पाण्याची, म्हणजे धार कठीण करण्याची. बाजारात मिळणारी साधी सळई अथवा पट्टी कितीही तापवून पाण्यात बुडविली तरी पुरेशी कठीण होत नाही, कारण तीत कर्बाचे प्रमाण फार अल्प, बहुधा शेकडा पाव भागाहून कमी असते. विळा, कोयता व खुरपे यांसाठी मालमोटारीच्या जुन्या कमानीचा पाटा घ्यावा. त्यात ते शेकडा अर्ध्या भागाच्या आसपास किंवा किंचित अधिक असते. ओतीव लोखंडाचे भाग ऐरणीवर घेऊच नयेत, ते हातोड्याखाली फुटतात.

कमानीचे पोलाद नारिंगी रंगावर घडवावे. त्यातून ठिणग्या उडू लागल्या, म्हणजे ते जळाले असे समजावे; तो भाग कापून टाकण्यावाचून उपाय नाही. घडवून झाल्यावर ते लाल तापवीत जावे व मधून मधून लोहचुंबक लावून पाहावे. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला पोलाद चुंबकास चिकटेनासे होते. त्याहून किंचित अधिक तापले म्हणजे ते कोमट तेलात बुडवावे. थंड पाण्यात टाकल्यास पाते तडकण्याचा संभव असतो. तेल भडकले तर झाकावयास पत्र्याचे झाकण जवळ असू द्यावे. पेटल्या तेलावर पाणी ओतू नये.

येथे बरेचजण थांबतात, आणि त्यांचे कोयते काचेसारखे तुटतात. तेलातून काढलेले पाते दगडावर घासून चकचकीत करावे व पाठीकडून हळूहळू ऊब द्यावी. त्यावर प्रथम गव्हाच्या काडीसारखा पिवळा रंग येतो, मग तपकिरी, मग जांभळा व शेवटी निळा. विळ्याची धार पिवळ्यावरून तपकिरीकडे झुकताच पाते पाण्यात घालावे. दगडमातीचा आघात सोसणारी कुदळ व पहार जांभळ्या रंगापर्यंत जाऊ द्यावी. हे रंग पुस्तकात वाचून कळत नाहीत. ते दाखवावयास जाणता मनुष्य लागतो.

तो मनुष्य बहुधा पंचक्रोशीतच असतो: भाता बंद करून घरी बसलेला वृद्ध लोहार. त्यास महिनाभर बोलवावे, रोजची मजुरी रोखीने द्यावी व तो सांगेल तसे शिकावे. शेतकऱ्याच्या मुलास ऐरणीपुढे बसण्याची लाज वाटत असेल, तर ती त्याने घरीच ठेवून यावे. लोहाराच्या घरातील कोणी धंदा पुन्हा धरू पाहत असेल, तर अधिक उत्तम. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत लोहारकाम असून, तीत प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य व सवलतीच्या व्याजाचे कर्ज यांची तरतूद करण्यात आली. ही योजना परंपरेने हाताने हे काम करणाऱ्या कारागिरांसाठी आहे. शेतकऱ्याने तिच्यावर आपला हक्क सांगू नये. लोहाराचा अर्ज भरण्यास मात्र अवश्य मदत करावी.

शिकण्यास रब्बीची सुगी आटोपल्यानंतरचा काळ सोयीचा. फाल्गुनात भट्टी पेटविली तर रोहिणी निघेपर्यंत हात बरा बसतो. पहिल्या वर्षी पास, खुरपी, विळे व कुदळी एवढीच कामे घ्यावीत. गाडीच्या चाकास धाव चढविणे हे मात्र जाणत्या लोहाराकडेच ठेवावे. धाव थोडी सैल राहिली तर भरली गाडी ओढ्यात बसते, आणि फार आवळली तर चाकाचे आरे मोडतात.