डबा मोजून घ्या

या महिन्याच्या टपालातली बहुतेक पत्रं एकाच तक्रारीची आहेत. परदेशातून मागवलेला प्रतिकृती-रेल्वेचा प्रवासी डबा सीमाशुल्कात अडकला. सुटला तेव्हा जवळजवळ दुप्पट किमतीला पडला, नाहीतर सुटलाच नाही. वाशीमच्या एका वर्गणीदारांनी कागदपत्रांच्या प्रतीच पाठवल्या आहेत. एचओ, म्हणजे १:८७ प्रमाणातला एकच डबा, त्यात मोटर नाही, दिवे नाहीत. पार्सलवर शेरा: खेळणे, आयएसआय चिन्ह नाही. त्याच खोक्यावर कारखान्याने ठळक छापलं आहे की ही वस्तू पंधरा वर्षांखालच्या मुलांसाठी नाही.

असं का होतं ते एकदा नीट समजून घेऊ. सीमाशुल्काच्या दरपत्रकात ९५०३ हे शीर्षक आहे. तीनचाकी सायकल, बाहुली, बाहुलीची गाडी, कोडी हे सगळं त्यात येतं आणि त्यांच्याच रांगेत लहान प्रमाणातल्या प्रतिकृतीही येतात, चालणाऱ्या असोत वा न चालणाऱ्या. फेब्रुवारी २०२० मध्ये या शीर्षकावरचं मूळ शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेलं, २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर. म्हणजे सहा हजारांच्या डब्यावर बेचाळीसशे रुपये शुल्क, आणि जीएसटी त्यावर वेगळा. मित्राने भेट म्हणून पाठवण्याची वाट डिसेंबर २०१९ मध्येच बंद झाली. संकेतस्थळांवरून घेतलेल्या वस्तूंसह भेट म्हणून शुल्कमुक्त येणाऱ्या पार्सलांना राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून मनाई झाली. मग १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांचा गुणवत्ता नियंत्रण आदेश लागू झाला आणि आयएसआय चिन्हाशिवाय खेळणं आणणं, विकणं, साठवणं बेकायदा ठरलं.

विषारी रंगाची, टोकदार कडांची स्वस्त खेळणी लहान मुलांच्या हातात पडू नयेत या हेतूला आमचा पूर्ण पाठिंबा आहे. पण तोच आदेश खेळणं कशाला म्हणतो? चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळासाठी केलेल्या वस्तूला. पन्नाशीतला माणूस भिंग लावून ज्याच्या बोगीला ब्रेकची काडी चिकटवतो, तो डबा या व्याख्येत कसा बसतो? युरोपातला कारखाना आपल्याकडच्या दहा-वीस गिऱ्हाइकांसाठी भारतीय मानक ब्युरोचा परवाना काढणार नाही, हे कळायला फार विचार करावा लागत नाही. तरीही पार्सल तपासणारा अधिकारी खोक्यावरची वयाची अट वाचत नाही, आदेशातली व्याख्या उघडत नाही आणि शेरा मारून मोकळा होतो. आपल्याकडे थोडेथोडके डबे करून विकणारे जे कारागीर आहेत, त्यांच्या डोक्यावरही हीच टांगती तलवार आहे. नोंदणीकृत हस्तकलाकारांना सूट मिळाली, पण प्लॅस्टिक आणि पितळेत काम करणारा मॉडेलकार त्या नोंदणीत कुठे बसवायचा, याचं उत्तर कुणी देत नाही. आमची मागणी साधी आहे. प्रमाणबद्ध प्रतिकृतींसाठी स्वतंत्र उपशीर्षक करा, आणि वयाची अट छापलेली प्रतिकृती या आदेशात येत नाही असं एका परिपत्रकाने स्पष्ट लिहून द्या. अर्जाचा मसुदा याच अंकात आहे. तो भरून पाठवायचं काम मात्र वाचकांचं आहे. नुसत्या आम्हाला पत्रं लिहून ते होणार नाही.

आता एक प्रश्न वाचकांना. एवढा आटापिटा करून आपण मागवतो काय? युरोपातला डबा. त्याच्या दोन खिडक्या पुट्टीने बुजवायच्या, निळा रंग मारायचा, 'दक्षिण मध्य रेल्वे' लिहायचं आणि आयसीएफ, म्हणजे पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचा डबा, म्हणून मिरवायचं. आयसीएफचं मूळ स्वित्झर्लंडच्या श्लीरेन कारखान्याच्या रचनेत आहे हे खरं, पण पेरांबूरला १९५५ पासून जो डबा बनला तो आपल्या गेजचा आणि आपल्या रुंदीचा. लांबी २१.३ मीटर, रुंदी ३.२५ मीटर. १:८७ मध्ये ती २४५ आणि ३७ मिलिमीटर येते. बोगीतल्या दोन आसांमधलं अंतर २,८९६ मिलिमीटर, म्हणजे प्रतिकृतीत ३३. एलएचबी या नव्या रचनेच्या डब्याची बोगी यापेक्षा आखूड, २,५६० ची. प्रतिकृतीत साडेएकोणतीसच्या जवळ. आयसीएफच्या खाली एलएचबीची बोगी लावलेले फोटो आमच्याकडे दर महिन्याला येतात. ते इथून पुढे छापले जाणार नाहीत. (आपलं ब्रॉडगेज १:८७ ला १९.३ मिलिमीटर येतं आणि आपण ते १६.५ च्या रुळावर चालवतो. १:१०० घेतलं तर तोच रूळ जवळजवळ अचूक बसतो. तो वाद मोठा आहे, पुढच्या अंकात घेऊ.)

घसरणाऱ्या डब्यांबद्दलही अनेकांनी विचारलं आहे. अमेरिकेतल्या १९१० ते १९३० च्या जड पुलमन डब्यांचा हिशोब इथे उपयोगी पडतो. काँक्रीटची जमीन, सहा चाकांच्या बोग्या, ऐंशी फूट लांबी आणि सत्तर-पंचाहत्तर टन वजन असा तो डबा. त्याचं वजन ८७ च्या घनाने भागलं तर एकशेदहा ग्रॅमच्या आसपास येतं. अमेरिकेतल्या मॉडेल-रेल्वे संघटनेची शिफारस मात्र आहे एक औंस, अधिक लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस; म्हणजे त्या डब्याला १८४ ग्रॅम. आपला चाळीस टनांच्या घरातला शयनयान डबा घनाच्या हिशोबाने फक्त साठ ग्रॅम भरतो. चालायला त्याला १६५ लागतात. आसाचं घर्षण आणि कपलिंगची ओढ डब्याच्या वजनाइतकी घटत नाहीत, आणि आपली वळणं खऱ्या वळणांपेक्षा कितीतरी तीव्र असतात. तेव्हा हलका डबा वळणावर आतल्या बाजूला ओढला जाणारच. वजनासाठी शिशाच्या पट्ट्या छतात चिकटवू नका, जमिनीला लावा. आणि अठरा इंच त्रिज्येच्या वळणावर एलएचबीचा २७० मिलिमीटरचा डबा नेऊन तक्रार करू नका. अमेरिकन कारखान्यांनी याच वळणांसाठी पुलमन डबे आखूड करून विकले होते.

पण अचूक डबा करायचा तर मापं कुठून आणायची? आराखडे मागायला गेलेल्या एका वाचकाला एका कचेरीत उत्तर मिळालं की अर्ज वरच्या कार्यालयाकडे करा. वरच्या कार्यालयाने सांगितलं की आराखडे कारखान्याकडे असतात. कारखान्याने परत पहिल्या कचेरीकडे बोट दाखवलं. आणि आपण ही उत्तरं ऐकत बसलो तेवढ्यात गाड्या निघून गेल्या.

वाशीम जिल्ह्याकडे पाहा. स्वातंत्र्यानंतर घातलेल्या खांडवा-हिंगोली मार्गामुळे वाशीमला मीटरगेज आलं. मीनाक्षी एक्स्प्रेस याच रुळांवरून दक्षिणेतून राजस्थानात जायची. २००८ मध्ये अकोला-पूर्णा ब्रॉडगेज झालं आणि मीटरगेजचे डबे गेले. कारंज्यातून शकुंतला ही नॅरोगेज गाडी जायची, मूर्तिजापूर-यवतमाळच्या ७६२ मिलिमीटरच्या रुळावरून. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं तिचं वाफेचं इंजिन एप्रिल १९९४ पर्यंत चाललं, आणि त्या इंजिनाचे फोटो किती निघाले याला गणती नाही. तिच्या डब्यांची मापं घेतलेला एकही कागद आजवर आमच्याकडे आलेला नाही. आणि तिचं गेज १:८७ ला पावणेनऊ मिलिमीटर येतं, म्हणजे एन गेजच्या नऊ मिलिमीटर रुळावर ती जवळजवळ जशीच्या तशी उतरते. मीटरगेज साडेअकरा येतं, त्याला बारा मिलिमीटरचा रूळ आहे. ज्या दोन गेजांची प्रतिकृती आपल्याला १:८७ ला सर्वांत अचूक करता आली असती, त्यांचेच डबे आपण न मोजता जाऊ दिले.

आयसीएफचं तेच होत आहे. पेरांबूरहून या रचनेचा शेवटचा डबा जानेवारी २०१८ मध्ये निघाला. डेक्कन क्वीनचंच घ्या. १९३० मध्ये तिच्या चौकटी इंग्लंडहून आल्या आणि वरचं अंग माटुंग्याच्या कारखान्यात चढलं. १९६६ मध्ये पेरांबूरचे डबे लागले. आणि आता एलएचबी. माटुंग्याच्या त्या मूळ रेकची मापं आज शोधायला जाणाऱ्याला विचारा, काय हाती लागतं. आता देशभर आयसीएफचे रेक निघत आहेत. काहींच्या खिडक्या पत्र्याने बंद करून त्यांतून मोटारी नेतात, बाकीचे भंगाराच्या लिलावात टनावर जातात.

म्हणून या महिन्यात डबा मोजायला जा. चालू फलाटावर टेप काढायची नाही, रुळावर उतरायचं नाही, यार्डात परवानगीशिवाय शिरायचं नाही. त्याची गरजही नाही. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या आवारात आणि नागपूर स्थानकाबाहेर जुन्या डब्यांची उपाहारगृहं झाली आहेत. तिथे चहा घ्या, व्यवस्थापकाला विचारा आणि मोजा. नॅरोगेजवाल्यांनी नागपूरच्या मोतीबागेतलं संग्रहालय गाठावं. ज्यांनी पुण्याच्या जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयात चालत्या गाड्या पाहिल्या असतील, त्यांना काम किती बारकाईने होऊ शकतं हे वेगळं सांगायला नको. वाशीम, हिंगोली, अकोल्याच्या वाचकांनी आपल्या मार्गावर अजून येणाऱ्या आयसीएफ डब्यांचे फलाटावरून सरळ, समोरासमोर फोटो घ्यावेत. डब्याची एकूण लांबी ठाऊक असल्यामुळे उरलेली मापं फोटोवरून काढता येतात. ज्यांच्या घरी मीटरगेजच्या काळातले फोटो, सुटे भाग, कामगारांच्या वह्या असतील त्यांनी त्या कपाटातून काढाव्यात. आराखडे दाबून बसलेल्या सभासदांनाही हेच सांगणं आहे.

आम्हाला हवं ते असं: दोन खिडक्यांच्या मध्यांमधलं अंतर, खिडकीची उंची आणि रुंदी, दाराची रुंदी, पायरीची रुळापासूनची उंची, छताच्या कमानीचा फोटो टोकाकडून, हवेच्या झाकणांची संख्या आणि जागा, बोगीचा बाजूने फोटो. मापं मिलिमीटरमध्ये लिहा, फुटपट्टी फोटोत दिसू द्या. पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत आलेल्या मापांवरून आपण पहिला आराखडा काढू आणि तो कुणालाही फुकट देऊ. डब्याचा क्रमांक टिपायला विसरू नका. त्याचे पहिले दोन आकडे डबा बनल्याचं वर्ष सांगतात.