गोणीवरचे आकडे

संयुक्त खताच्या गोणीवर १०:२६:२६ असे आकडे छापलेले असतात. अर्थ सोपा आहे. ५० किलोच्या गोणीत ५ किलो नत्र, १३ किलो स्फुरद आणि १३ किलो पालाश. डीएपीच्या गोणीत ९ किलो नत्र व २३ किलो स्फुरद. पालाश मुळीच नाही.

पण खताची मागणी या आकड्यांवरून ठरते का? १ एप्रिल २०१० पासून स्फुरद-पालाशयुक्त खतांना अन्नद्रव्यांच्या प्रमाणात ठरावीक अनुदान मिळू लागले आणि त्यांच्या किमती चढल्या. युरिया त्या योजनेबाहेर राहिला. त्याची किंमत सरकारने बांधलेली. साहजिकच मागणी युरियाकडे झुकली. युरियात तर फक्त नत्र! जे अन्नद्रव्य सर्वांत कमी पडते, त्यापाशी पिकाची वाढ अडते. नत्र कितीही ओतले तरी पालाशाची उणीव भरत नाही.

म्हणून मागणी किमतीने नव्हे, मातीने ठरावी. युरियालाही तोच नियम लावावा. मात्र वाचलेला पैसा शेतकऱ्याच्याच हाती पडावा. आणि माती परीक्षणाचा अहवाल वाचायला शाळेत शिकवावे. त्याला लागते ते गुणोत्तराचे गणित तुम्हांला येतेच.